सर्वांना निरोप म्हणजे कोणालाच नाही

गेल्या आठवड्यात एक शिक्षिका तपासायला आल्या. छातीत धडधड, रात्री दचकून जाग, डोके सतत जड. ई.सी.जी., थायरॉईड, हिमोग्लोबिन सारे ठीक. मी रक्तदाब मोजत होतो तेवढ्या वेळात पर्समधला मोबाईल सहा वेळा वाजला आणि दर वेळी बाईंची नजर तिकडे गेली. "कामाचा ग्रुप आहे, डॉक्टर. 'सर्वांनी तातडीने माहिती द्यावी' असे कधी येईल याचा नेम नाही," त्या म्हणाल्या.

उपदेश करायला मी तोंड उघडले, पण जीभ अडखळली. कारण हा आजार मी स्वतःच पसरवलेला आहे.

आमच्या छोट्या रुग्णालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप मीच काढला. 'जे काही असेल ते ग्रुपवर टाका' हा नियमही माझाच. ड्युटीच्या पाळ्या, औषधांची यादी, लॅबचे रिपोर्ट, सुप्रभातची फुले, सारे एकाच ठिकाणी. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मूत्रपिंडाच्या रुग्णाचे पोटॅशियम 6.8 असल्याचा निरोप तिथे आला. एवढ्या पोटॅशियमने हृदयाची लय केव्हाही बिघडू शकते. पाठोपाठ एका कर्मचाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या. निरोप एकोणीस जणांना गेला आणि 'दुसरा कोणी पाहील' असे एकोणीस जणांना वाटले. दीड तास गेला. रुग्ण वाचला, पण त्यात माझे कर्तृत्व नाही. मी लॅबच्या मुलाला रागावलो. त्याने मात्र माझाच नियम पाळला होता.

वाचकहो, मोबाईल वाजला की शरीर सावध होते. दिवसभर असे होत राहिले की मन थकते, आणि रात्री उशाशी तोच मोबाईल असेल तर झोपही मोडते. ग्लोरिया मार्क या अमेरिकेतील संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली दाखवून दिले की कामात वारंवार व्यत्यय आला तर माणसे काम उरकतात भराभर, पण ताण आणि चिडचीड वाढते. म्हणजे साहेबांना काम झालेले दिसते, त्याची किंमत कर्मचाऱ्याचे शरीर मोजते.

त्या दिवसानंतर आम्ही पाच पथ्ये ठरवली. तातडीचे असेल तर सरळ फोन करायचा. काम एकाचे असेल तर त्याच्या नावाआधी 'ॲट'चे चिन्ह लावून निरोप द्यायचा, आणि त्याने 'पाहिले' एवढे लिहायचेच. उत्तर मूळ निरोपालाच जोडून द्यायचे, म्हणजे धागा तुटत नाही. शुभेच्छांचा ग्रुप वेगळा. रात्री आठनंतर ग्रुपवर काही टाकायचे नाही. हे शेवटचे पथ्य मलाच सर्वात जड गेले.

ग्रुप म्यूट करून ठेवला तरी नावाने केलेला उल्लेख व्हॉट्सॲपवर कळतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत वापरतात त्या स्लॅक, टीम्ससारख्या ॲपमध्येही अशा सोयी आहेत. सोय आहे, शिस्त नाही. नावे घेऊन सांगण्याऐवजी 'सर्वांनी' लिहिणे सोपे असते, कारण मग जबाबदारी कोणाची हे ठरवावे लागत नाही.

फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले, त्याचा कायदा झाला नाही. पण आपल्या कचेरीत, शाळेत, दुकानात हे पथ्य पाळायला कायदा कशाला हवा?

धडधड होत असेल तर आधी तपासणी करून घ्यावी, मोबाईलला दोष देऊन घरी बसू नये. त्या बाईंना मी गोळी दिली नाही. ग्रुप म्यूट करून दिला आणि रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितले. खरे औषध मात्र त्यांच्या साहेबांनी घ्यायचे आहे.