संगणकाच्या पोटात : ‘ळ’चा घर नंबर २३५५

पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी तुम्हाला ठाऊक असेलच. पाणी अडवणारं, जिरवणारं गाव. आज आपण तिथे एसटीने नाही, संगणकाच्या पोटातून जायचं आहे.

झालं असं, की माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या दाखल्यावर गावाचं नाव ‘रालेगणसिद्धी’ असं छापून आलं. “एका अक्षराने काय बिघडतं?” असं सगळे म्हणाले. पण पुढे एका यादीत गावावरून तिची नोंद शोधली, तर संगणकाचं उत्तर : नोंद सापडत नाही! पोर रडकुंडीला आली.

चूक कुठे झाली? संगणकाला अक्षरं कळतच नाहीत, कळतात फक्त आकडे. म्हणून जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना एकेक क्रमांक दिलेला आहे. या व्यवस्थेचं नाव युनिकोड, तिची पहिली आवृत्ती १९९१ सालची. देवनागरीची वस्ती २३०४ पासून २४३१ पर्यंत. तिथे ‘ल’ राहतो २३५४ मध्ये आणि ‘ळ’ त्याच्या शेजारी, २३५५ मध्ये. कुणीतरी गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाइप केलं असणार. इंग्रजीत ‘ल’ आणि ‘ळ’ दोघांनाही एकच ‘एल’! यंत्राने शेजारचं दार ठोठावलं. आपल्याला ‘काल’ आणि ‘काळ’ यांतला फरक कळतो. यंत्राला दिसतात फक्त दोन वेगळे आकडे.

आता गावाचं नाव मोजू या. डोळ्यांना दिसतात सहा अक्षरं : रा, ळे, ग, ण, सि, द्धी. संगणक मात्र बारा आकडे साठवतो, कारण काना, मात्रा, वेलांटी यांनाही स्वतंत्र क्रमांक असतात. ‘द्ध’चे तर तीन : द, हलन्त आणि ध. हा हलन्त म्हणजे राळेगणच्या ओढ्यावरचा बांधच म्हणा ना! बांध पाणी अडवतो, हा ‘द’मधला ‘अ’ अडवतो. मग ‘द’ पुढच्या ‘ध’ला जाऊन चिकटतो.

आणखी एक गंमत. ‘सि’ लिहिताना वेलांटी आपण ‘स’च्या आधी काढतो, पण साठवताना ‘स’ आधी, वेलांटी नंतर. जसं बोलतो तसं! तिला डावीकडे नेऊन बसवण्याचं काम फॉन्टचं. इंडोनेशियातल्या बाली बेटावरची लिपीही आपल्यासारखीच ब्राह्मीतून आलेली. तिच्यातही ‘तालिंग’ नावाचं स्वरचिन्ह अक्षराच्या डावीकडे दिसतं, पण साठवतात अक्षराच्या नंतरच. ती लिपी युनिकोडमध्ये आली २००६ साली. म्हणजे बालीतली मुलं आणि तुम्ही लांबचे भाऊबंदच की!

त्या मुलीचा दाखला शेवटी दुरुस्त झाला. त्यासाठी तिच्या आईला तीन हेलपाटे पडले, तेही एका आकड्यापायी.

आता तुमच्यासाठी कोडं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात साधा ‘र’ (२३५२), दुसऱ्यात नुक्त्याचा ‘ऱ’ (२३५३). पण ‘दऱ्या’ आणखी एका तऱ्हेने साठवता येतो : द, साधा र, हलन्त, मग ८२०५ क्रमांकाचं एक अदृश्य चिन्ह, आणि पुढे य, काना. दोन्ही ‘दऱ्या’ दिसायला हुबेहूब सारखे. मग संगणकात एक शोधला, तर दुसरा सापडेल का? आईबाबांना सोबत घेऊन करून पाहा आणि काय झालं ते कळवा.