ऐकीव वार्ता आणि आप्तवचन

इंदापूर तालुक्यातील आमच्या चिकित्सालयात एक माता पाच वर्षांच्या मुलास घेऊन आली. मुलास कास व मंदाग्नी. पथ्य सांगत असता तिने मोबाईल पुढे केला. किंडर जॉयमध्ये मेणाचा थर असतो, त्याने कर्करोग होतो, म्हणून युरोपात त्यावर बंदी आहे, असा मजकूर होता. "डॉक्टर, ही फॅक्टरी तर आपल्या बारामतीतच आहे. माझे दीर तिथंच कामाला आहेत. खरं आहे का हे?"

मजकूर असत्य आहे. युरोपात हा पदार्थ सर्रास विकला जातो. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्याने मिठाईच्या पोटात अखाद्य वस्तू घालण्यास मनाई केली, म्हणून पोटात खेळणे असलेले 'किंडर सरप्राइज' तेथे निषिद्ध आहे. कारण घशात अडकण्याचे भय, कर्करोग नव्हे. किंडर जॉयमध्ये खेळणे व खाद्य वेगळ्या अर्धांत असतात. ते पुढे अमेरिकेतही विकले जाऊ लागले.

याचा अर्थ मोठ्या कंपन्या निर्दोष असतात असा नव्हे. २०२२ साली याच कंपनीच्या बेल्जियममधील आर्लों येथील कारखान्याच्या मालात साल्मोनेला जंतू आढळले. दीडशेहून अधिक रुग्ण झाले, त्यांत बहुतांश दहा वर्षांखालील मुले. कारखाना बंद करावा लागला. हा दोष प्रयोगशाळेने सिद्ध केला, अफवेने नव्हे. उलट खोट्या आरोपांच्या गदारोळात खरा दोष झाकला जातो.

आता थोडे आपल्याविषयी. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. बोस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. आम्ही तेव्हा तरुण होतो. 'परदेशी औषधकंपन्यांचा डाव' असे इतरांबरोबर आम्हीही म्हणालो. पुरावा मात्र आम्ही कोणाकडेही मागितला नाही. त्या मातेचा मजकूर आणि आमचा तो उद्गार यांत फरक तो काय?

चरकाचार्यांनी परीक्षेची चार साधने सांगितली: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान, युक्ति. आप्त तोच, जो रज व तम यांपासून मुक्त आहे. अज्ञात हाताने पाठविलेला मजकूर आप्तवचन होत नाही. आपल्या सोयीचा असला तरी नाही.

त्या मातेस आम्ही इतकेच सांगितले की, कर्करोगाचे भय नको. परंतु हा पदार्थ मधुर, गुरु व स्निग्ध आहे, कफ वाढलेला असता मुलास देऊ नका. औषध-दुकानदार बंधूंनीही गल्ल्यावर हेच सांगावे. आणि कोणी आपल्या भस्माविषयी शंका घेतली, तर रागावण्याऐवजी त्या बॅचचा तपासणी-अहवाल पुढे ठेवावा. तो नसेल, तर उत्पादकाकडे मागावा. इतरांकडे पुरावा मागण्याचा अधिकार आपणांस त्यानेच प्राप्त होईल.