कॉपी इकडे, पेस्ट तिकडे!

एका लॅपटॉपमध्ये दोन कॉम्प्युटर! हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही आयटी ऑफिसात डोकावा, हे चित्र दिसेलच. बाहेर आपलं रोजचं विंडोज आणि त्यातल्या एका खिडकीत क्लायंटच्या कामासाठी टाकलेलं लिनक्स. ऑफिसच्या भाषेत नुसतं ‘व्हीएम’, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन. सगळं झक्कास चाललेलं असतं आणि मग मेलमध्ये आलेली लांबलचक कमांड आतल्या मशीनमध्ये न्यायची वेळ येते. बाहेर कंट्रोल-सी, आत कंट्रोल-व्ही... आणि ढिम्म!

इथून सुरू होतो आपला अस्सल जुगाड. कुणी कमांड कागदावर उतरवून पुन्हा टाइप करतं. कुणी स्वतःलाच मेल पाठवून आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं. एखादा डॅश राहिला, की कमांड बोंबलते आणि डेडलाइन तिच्या मागोमाग. खरं तर इलाज दोन-चार क्लिकचा आहे. पण हे सेटिंग मुळात बंद का असतं, तेही आधी समजून घेऊ. कारण त्या इवल्याशा मेनूत प्रश्न नुसत्या सोयीचा नाही, कधी कधी नोकरीचाही असतो.

मधली भिंत

कट, कॉपी, पेस्टचा फंडा लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 1970 च्या दशकाच्या मध्यात झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत ‘जिप्सी’ नावाच्या एडिटरसाठी रुजवला. 1983 मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या ‘लिसा’ने तो घराघरांत नाही, तरी पुढच्या कॉम्प्युटरांत नक्की पोचवला. पण एक गोष्ट तेव्हापासून तशीच आहे. क्लिपबोर्ड ही ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरीत राखून ठेवलेली जागा. सिस्टिम दोन, तर क्लिपबोर्डही दोन.

व्हीएमला बाहेरून काय मिळतं? खोटा प्रोसेसर, खोटी डिस्क, खोटं नेटवर्क कार्ड. ‘क्लिपबोर्ड’ नावाचा हार्डवेअरचा तुकडा कुठेच नसतो. त्यामुळे आतल्या बिऱ्हाडाला बाहेर काय कॉपी झालं याचा पत्ताच नसतो. दोघांमध्ये निरोप्या लागतो आणि हा निरोप्या म्हणजे आत इन्स्टॉल करायचा एक छोटा प्रोग्राम. नुसतं बाहेरचं सेटिंग ऑन करून भागत नाही, त्याचं कारण हेच!

आता करायचं काय?

व्हर्च्युअलबॉक्स वापरत असाल, तर व्हीएम चालू असताना ‘डिव्हायसेस’ मेनूत जा. तिथेच ‘इन्सर्ट गेस्ट अ‍ॅडिशन्स सीडी इमेज’ आहे. ती लावा, आतून इन्स्टॉल करा, व्हीएम रीस्टार्ट करा. मग त्याच मेनूतल्या ‘शेअर्ड क्लिपबोर्ड’मध्ये हवा तो पर्याय निवडा. आत लिनक्स असेल, तर कंपायलर आणि कर्नल हेडर्स आधी टाकून घ्या, नाहीतर इन्स्टॉलेशन अर्ध्यावर रुसतं. आणि बाहेरचं व्हर्च्युअलबॉक्स अपडेट केलंत, की आतल्या अ‍ॅडिशन्सही अपडेट करा.

व्हीएमवेअरमध्ये याच निरोप्याचं नाव ‘व्हीएमवेअर टूल्स’. उबुंटूसारख्या लिनक्सवर ‘ओपन-व्हीएम-टूल्स-डेस्कटॉप’ हे पॅकेज टाका. नावातलं ‘डेस्कटॉप’ विसरू नका, कॉपी-पेस्ट त्यातच आहे! मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये ‘एन्हान्स्ड सेशन’ ऑन करावं लागतं. ते जमत नसेल, तर तिथल्या क्लिपबोर्ड मेनूत ‘टाइप क्लिपबोर्ड टेक्स्ट’ आहे. तो तुमचा मजकूर चक्क अक्षर-अक्षर टाइप करून देतो.

एवढं करूनही पेस्ट होत नाही? लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे चालू प्रोग्राम थांबवणं. तिथे कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी आणि पेस्टला कंट्रोल-शिफ्ट-व्ही. कालपर्यंत चालणारं आज अचानक बंद पडलं असेल, तर बहुतेक निरोप्या झोपलाय. आत लॉग-आउट करून पुन्हा लॉग-इन करा. आणि मोठ्या फाइल्स क्लिपबोर्डमधून ढकलू नका. त्यासाठी ‘शेअर्ड फोल्डर’ आहे ना!

वाटी कुणी कुणाला द्यायची?

आता मुद्द्याचं. व्हर्च्युअलबॉक्सच्या मेनूत चार पर्याय दिसतात: बंद, बाहेरून आत, आतून बाहेर आणि दोन्हीकडून. कंपनी देते तेव्हा ‘बंद’ निवडलेलं असतं. आपण काय करतो? डोळे मिटून ‘दोन्हीकडून’!

जरा थांबा. भिंत आपणच का बांधली होती? आतलं बाहेर आणि बाहेरचं आत जाऊ नये म्हणून. शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यायला भिंतीला खिडकी पाडायला हरकत नाही, पण त्या खिडकीतून आणखी काय काय जाईल, हेही बघायला हवं. डेस्कटॉपवरच्या क्लिपबोर्डला कुलूप नसतं. तुमच्या लॉग-इनमध्ये चालणारा जवळपास कुठलाही प्रोग्राम तो वाचू शकतो. म्हणजे बाहेर बँकेचा पासवर्ड कॉपी केलात, की आतल्या मशीनमधला एखादा आगाऊ प्रोग्रामही तो उचलू शकतो. उलटंही होतं. क्लिपबोर्डवरचा क्रिप्टो वॉलेटचा पत्ता गुपचूप बदलून आपला टाकणारी मालवेअर जगात आहेत. आतला क्लिपबोर्ड बाहेर झिरपत असेल, तर त्यांना भिंत ओलांडायची गरजच उरत नाही.

आणि नोकरीचं काय? विंडोजमध्ये 2018 पासून क्लिपबोर्डची हिस्टरी आहे. ती ऑन असेल, तर विंडोज-व्ही दाबून बघा, मागचे 25 पर्यंत तुकडे रांगेत बसलेले दिसतील. सिंक ऑन असेल, तर तेच तुकडे तुमच्या अकाउंटच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरही पोचू शकतात. क्लायंटच्या ग्राहकांची यादी तुम्ही आतून बाहेर कॉपी केली ती फक्त एका मिनिटासाठी, पण ती घरच्या पीसीपर्यंत गेली तर? ‘मी तर नुसतं कॉपी-पेस्ट केलं’ हे एचआरच्या केबिनमध्ये फारसं चालत नाही.

म्हणून साधा हिशेब ठेवा:

• घरी लिनक्स शिकताय, आत काही गुपित नाही, काही संशयास्पदही नाही? ‘दोन्हीकडून’ बिनधास्त ठेवा.

• आत क्लायंटचा डेटा आहे? ‘बाहेरून आत’ पुरे. कमांड आत जाते, डेटा बाहेर येत नाही. फक्त स्वतःचे पासवर्ड बाहेर कॉपी करताना भान ठेवा.

• अनोळखी सॉफ्टवेअर तपासायला व्हीएम उघडलंय? पूर्ण ‘बंद’. शेअर्ड फोल्डरसुद्धा.

आणि ऑफिसच्या आयटीवाल्यांनीच हे बंद केलं असेल, तर जुगाड करू नका. काम अडत असेल, तर तसा मेल टाका आणि मंजूर रस्ता मागून घ्या. मेल टाकायला वेळ लागतो हे मान्य, पण नवी नोकरी शोधायला त्याहून जास्त लागतो.

आणि आपली मराठी?

जुनी लग्नपत्रिका, अंक किंवा अहवाल उघडायला काहीजण अजून व्हीएममध्ये विंडोज एक्सपी जपून ठेवतात. तिथून मराठी मजकूर बाहेर आणला, की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ! यात क्लिपबोर्डचा दोष नाही. तो अक्षरांचे कोड नेतो, फॉन्टचं रूप नाही. युनिकोडच्या आधीच्या सुरेख, योगेश यांसारख्या फॉन्टमध्ये ‘क’चा कोड खरं तर भलत्याच अक्षराचा असायचा. त्यासाठी कन्व्हर्टर लागतो, तो वापरा. आणि एक्सपीचा सपोर्ट 2014 मध्ये संपलाय, तेव्हा त्या व्हीएमचं इंटरनेट बंदच ठेवा.

तर आज एकच करा. तुमच्या व्हीएमच्या मेनूत जा आणि तो चार पर्यायांचा ठिपका कुठे आहे ते बघा. तो तुम्ही विचार करून ठेवलेला असेल तर उत्तम. नसेल, तर चहा येईपर्यंत ठरवून टाका!