नवरात्र ते चैत्री पौर्णिमा: मधल्या शाळेचं काय?

दसरा झाला की धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी, भूम, कळंब, परंडा या तालुक्यांतल्या वाड्या-वस्त्यांवर आवराआवर सुरू होते. पिठाचा डबा, तवा, परात, गोधड्या, कोपीवर (तात्पुरत्या झोपडीवर) टाकायची ताडपत्री, धार लावलेले कोयते. ट्रॅक्टर दारात येतो, मुकादम नावं मोजून घेतो आणि ऊसतोडीची टोळी साखर कारखान्याकडे निघते. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी हद्द ओलांडून कर्नाटकात. तुळजापूरचं नवरात्र आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमेची यात्रा, या दोन खुणांच्या मधले महिने उसाच्या फडात जातात. शाळेचं दुसरं सत्र नेमकं याच महिन्यांत असतं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामानावर बसलेल्या मुलाच्या आईबापापुढे निघताना एक प्रश्न असतोच: पोरांच्या शाळेचं काय करायचं? कंपनीच्या कामासाठी जर्मनीहून पुण्याला किंवा पुण्याहून सिंगापूरला जाणारं कुटुंबही निघण्याआधी हाच प्रश्न विचारतं. फरक इतकाच की त्या कुटुंबासाठी जगाने शंभर वर्षांपूर्वी उत्तर शोधायला घेतलं आणि ते शोधून काढलं. धाराशिवच्या कुटुंबाला दर दसऱ्याला ते नव्याने शोधावं लागतं, तेही एकट्याने.

त्या उत्तराचं नाव आंतरराष्ट्रीय शाळा. आज तालुक्याच्या गावीही ‘इंटरनॅशनल स्कूल’ अशी पाटी दिसते आणि तिचा अर्थ चकचकीत इमारत, इंग्रजी माध्यम आणि जास्त फी असा लावला जातो. मूळ कल्पना वेगळी होती. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालयं सुरू झाली. तिथे देशोदेशीचे अधिकारी आले आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची अडचण उभी राहिली. त्या मुलांसाठी १९२४ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. पुढे, मूल कुठल्याही देशात शिकलं तरी त्याचं शिक्षण दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाने मान्य करावं, यासाठी १९६८ मध्ये त्याच शहरात इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आजचं ‘आयबी’, आकाराला आलं. मुंबईत जर्मन कुटुंबांच्या मुलांसाठी १९६१ पासून शाळा आहे. पुण्यात मोटार उद्योगाबरोबर परदेशी कुटुंबं आली, तेव्हा १९९८ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल सुरू झालं. आज ते महिंद्रा इंटरनॅशनल स्कूल म्हणून ओळखलं जातं.

अशी शाळा निवडताना परदेशी पालक काय पाहतात? वर्षाच्या मधे प्रवेश मिळेल का. आधीच्या शाळेत जिथवर शिकून झालं, तिथून पुढे शिकवतील का. घरची भाषा सुटणार तर नाही ना. दोन वर्षांनी पुन्हा बदली झाली तर इथला दाखला तिकडे चालेल का. नव्या मुलाला सामावून घ्यायची सवय शिक्षकांना आहे का. हे पाचही प्रश्न रास्त आहेत. अनेकदा या शाळेची फीसुद्धा कंपनीच भरते, कारण माणूस कंपनीच्या कामासाठी घर सोडून आलेला असतो. मुलाचं शिक्षण हा त्या कामाच्याच खर्चाचा भाग आहे, हे तिथे सगळ्यांनी मान्य केलेलं आहे.

हे फक्त श्रीमंत देशांनाच जमतं असंही नाही. आपल्याच सरकारने १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयं सुरू केली. लष्करात आणि केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांच्या सारख्या बदल्या होतात आणि त्यात त्यांच्या मुलांचं नुकसान होतं, एवढं साधं कारण त्यामागे होतं. देशभर एकच अभ्यासक्रम, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत सहज बदली. मॉस्को, काठमांडू आणि तेहरानमध्येही केंद्रीय विद्यालयं आहेत. प्रवेशाचा एक नियम तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. गेल्या सात वर्षांत पालकाच्या जितक्या जास्त बदल्या, तितका त्याच्या मुलाचा प्रवेशाचा हक्क वरचा. पालकाच्या भटकंतीची भरपाई म्हणून मुलाला प्राधान्य देणारा हा नियम आहे आणि तो अतिशय न्याय्य आहे.

ऊसतोडणी करणारं जोडपं एका हंगामात किती वेळा कोप्या मोडतं आणि पुन्हा उभारतं? एका शिवारातला ऊस संपला की टोळी पुढच्या गावी. त्या बदल्यांची नोंद कुठल्याच शाळेच्या प्रवेश अर्जात होत नाही.

या कुटुंबांपुढे खरं तर चार वाटा असतात. पहिली, मूल सोबत न्यायचं. तोडणीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पहाटे अंधारात कोयता फडात गेला की कोपीत उरतात ती मुलं. थोरली मुलगी आठ-नऊ वर्षांची असली तरी धाकट्याला कडेवर घेते, पाणी भरते, भाकरी थापायला शिकते. मुलगा बारा-तेराचा झाला की मोळ्या बांधू लागतो, वाढं (उसाचे शेंडे) गोळा करतो. परत आल्यावर तो शाळेच्या पटावर असतो, पण वर्गात बसला तरी त्याला पुस्तकातलं काही लागत नाही, कारण मधला निम्मा अभ्यास त्याने पाहिलेलाच नसतो. असं तीन-चार वर्षं झालं की मूल आपणहून शाळेकडे पाठ फिरवतं. त्याला ‘गळती’ हा शब्द सरकारी कागदावर वापरतात. प्रत्यक्षात मूल गळून पडत नाही, ते हळूहळू बाजूला ढकललं जातं.

दुसरी वाट म्हणजे मूल आजीपाशी ठेवायचं. मराठवाड्यात याला हंगामी वसतिगृह योजनेचा आधार आहे. समग्र शिक्षा अभियानातून गावातल्याच शाळेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली या मुलांना सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं. दुपारचं शालेय पोषण आहारातून असतंच. झोपायला मूल आजी-आजोबांकडे जातं. प्राथमिक वयाच्या मुलासाठी चारही वाटांत हीच सर्वांत चांगली, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं. गाव तेच, शिक्षक तेच, भाषा तीच, रात्री डोक्यावरून हात फिरवायला आजी. जिनिव्हाच्या शाळेत जे सातत्य मिळावं म्हणून एवढी व्यवस्था उभी करावी लागली, ते इथे आजीच्या एका खोलीत आणि दोन वेळच्या जेवणात मिळतं. अट एकच आहे: वसतिगृहाची मंजुरी आणि पैसा टोळ्या निघण्याआधी शाळेच्या हाती पडला पाहिजे. टोळी दसऱ्याला जाते. जेवण डिसेंबरात सुरू झालं तर मूल तोवर ट्रॉलीत बसून गेलेलं असतं आणि मग ते हंगाम संपेपर्यंत परत येत नाही.

म्हाताऱ्या माणसांवर किती भार टाकायचा, हाही प्रश्न आहेच. आणि मुलगी वयात आली की आजीचा आधार पालकांना पुरेसा वाटत नाही. तिला मागे ठेवायची भीती, सोबत न्यायचीही भीती. या दुहेरी भीतीतून तिचं लग्न लवकर उरकलं जातं. अशा मुलींसाठी तिसरी वाट हवी: तालुक्याच्या ठिकाणी सुरक्षित, वर्षभर चालणारं वसतिगृह. राज्य सरकारने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं. पहिल्या टप्प्यात बीड, तेव्हाचं अहमदनगर आणि जालना जिल्ह्यांतली २० वसतिगृहं घेतली गेली. बीडमधून स्थलांतर सर्वांत मोठं, त्यामुळे तो क्रम समजण्यासारखा आहे. पण वाशी-भूमच्या डोंगरपट्ट्यातल्या मुलीला पुढच्या टप्प्यासाठी थांबा असं सांगता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात दोन हंगाम म्हणजे फार मोठा काळ असतो.

चौथी वाट, जिथे टोळी जाते तिथली शाळा. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवण्याचे प्रयोग महाराष्ट्रात झाले, स्वयंसेवी संस्थांनी त्यात जीव ओतला. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मात्र अपेक्षा अशी झाली की या मुलांना जवळच्या नियमित शाळेत दाखल करून घ्यावं. अपेक्षा योग्यच आहे. पण टोळीची वस्ती शाळेपासून लांब, मधे उसाच्या गाड्यांची वर्दळ, पाठीशी धाकटं भावंड. पंधरा दिवसांनी कोप्या हलणार. त्या गावातल्या शिक्षकालाही हे मूल आपलं वाटायला वेळ लागतो.

कायद्याला मात्र कुणी दोष देऊ नये. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम मुद्दाम वाचावं असं आहे. मुलाला कुठल्याही कारणाने शाळा बदलावी लागली, राज्यात किंवा राज्याबाहेर, तरी दुसऱ्या शाळेत जाण्याचा त्याला हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. नवव्या कलमाने तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारीच ठरवली आहे. लाखो रुपये फी भरणारा परदेशी पालक ज्या हमीसाठी शाळा शोधत फिरतो, ती हमी कोपीतल्या मुलाला संसदेने फुकट आणि कायद्याने दिलेली आहे. तिची अंमलबजावणी करायला लागतो तो एक जागा माणूस. महाराष्ट्रातल्या काही शिक्षकांनी ‘बालरक्षक’ म्हणून हे काम अंगावर घेतलं. टोळी निघायच्या आधी घरोघर जाऊन पालकांना समजावणं, गेलेल्या मुलांचा माग काढणं, शिक्षण हमी कार्डावर मूल कुठवर शिकलं ते लिहून देणं. ही माणसं जिल्ह्याची खरी दौलत आहेत. पण एका शिक्षकाच्या तळमळीवर हजारो मुलांची व्यवस्था उभी राहत नाही.

व्यवस्था कुठे चुकते, ते एका तारखेत दिसतं. शाळेची पटसंख्या ३० सप्टेंबरची धरली जाते. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, तिच्यावर ठरते. त्या दिवशी वर्ग भरलेला असतो, कारण टोळ्या अजून निघालेल्या नसतात. महिनाभराने तोच वर्ग निम्मा रिकामा होतो आणि तिकडे फडाजवळच्या गावात मुलं अचानक वाढतात. पण त्या गावच्या शाळेचा पटही ३० सप्टेंबरचाच असतो, त्यामुळे तिथे जादा शिक्षक नसतो, जादा पुस्तकं नसतात. ऊसपट्ट्यातल्या शाळांसाठी डिसेंबरमध्ये दुसरी मोजणी व्हायला हवी आणि आलेल्या मुलांमागे तात्पुरता शिक्षक मिळायला हवा.

कर्नाटकात गेलेल्या मुलाची अडचण आणखी खोल आहे. तिथे शाळा मिळाली तरी ती कानडी. सहा-सात वर्षांच्या मुलाला अर्ध्या वर्षात कानडी अक्षरं गिरवायला लावायची आणि एप्रिलमध्ये पुन्हा मराठी परीक्षेला बसवायचं, हे त्याच्यावर अन्यायाचं आहे. या दोन राज्यांना एकमेकांच्या भाषेत शाळा चालवता येत नाहीत असंही नाही. अक्कलकोट आणि जत तालुक्यांत महाराष्ट्र कानडी माध्यमाच्या शाळा चालवतो, बेळगावात कर्नाटक मराठी शाळा चालवतो. १९५६ पूर्वी धाराशिव, बिदर आणि गुलबर्गा एकाच हैदराबाद राज्यात होते. उमरग्याच्या बाजारात आजही दोन्ही भाषा कानावर पडतात. सीमेवरून भांडण कितीही असो, हंगामापुरते काही मराठी शिक्षक टोळ्यांमागे पाठवण्याचा करार दोन शिक्षण खात्यांना करता येईल. शाळांच्या माहितीच्या युडायस प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याला देशभर चालणारा कायमस्वरूपी क्रमांक मिळतो. त्यावर मूल हद्दीपलीकडेही सापडू शकतं.

पैशाचं काय? लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलेलं आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे यातून ५० लाख होतात, सरकारची भर धरून एक कोटी. पुण्यातली कंपनी परदेशी अभियंत्याच्या मुलाची फी ज्या न्यायाने भरते, त्याच न्यायाने या निधीतला ठरावीक हिस्सा मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवला पाहिजे.

आणि माहिती? ती तर सगळ्यात आधी तयार असते. टोळी दसऱ्याला निघते, पण मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटतो ती पावसाळ्याच्या तोंडावर, शाळा उघडण्याच्या सुमारास. कोणत्या गावातून किती कोयते कोणत्या कारखान्याला जाणार, हे तेव्हाच करारात लिहिलेलं असतं. म्हणजे कोणत्या वर्गातली किती मुलं दिवाळीनंतर दिसणार नाहीत, हे चार महिने आधी कुणाला तरी ठाऊक असतं. फक्त ते जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला ठाऊक नसतं. करारासोबत एक रकाना वाढवायचा आहे: सोबत कोण मुलं येणार, वय किती, इयत्ता कोणती. त्याची एक प्रत गावच्या शाळेत, दुसरी फडाजवळच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडे. यावर्षी २०२१-२२ सारखा ऊस जास्त झाला आणि गाळप जूनपर्यंत लांबलं, तर मुलं कुठे अडकली आहेत तेही त्यावरून कळेल.

याची सुरुवात धाराशिवला स्वतःच्या शिवारात करता येते. हा जिल्हा टोळ्या पाठवतो तशा बोलावतोही. कळंब तालुक्यात रांजणीला, तेरणाकाठच्या ढोकीला कारखाने आहेत आणि त्यांच्या ऊसपट्ट्यात परजिल्ह्यांतल्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्या कोप्यांतली मुलं कुठल्या गावची, कितवीतली, आज सकाळी कुठे होती, हे विचारायला कुणा शिक्षकाला मुंबईच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.