रात्रीला छप्पर हवे

‘तमाशाचा ऱ्हास : कारणे आणि उपाय’ अशा किंवा अशाच अर्थाच्या विषयावर चर्चासत्र न भरवलेले मराठी विभाग सातारा-सांगली परिसरात फारसे सापडणार नाहीत. हे चर्चासत्र सकाळी साडेदहाला दीपप्रज्वलनाने सुरू होते, दुपारी जेवणासाठी थांबते आणि साडेचारला प्रमाणपत्रे वाटून संपते. ऱ्हासाची कारणे ठरलेली असतात : चित्रपट, दूरदर्शन, मोबाइल, प्रेक्षकांची बिघडलेली अभिरुची आणि शेवटी, आवाज थोडा खाली आणून, ‘अश्लीलता’. वक्त्यांच्या यादीत फडमालक क्वचित असतो, नाचणारी बाई त्याहून क्वचित. आणि रात्रीच्या या कलेवर दिवसभर बोलत असताना रात्रीचे काय झाले, हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

‘नाइटलाइफ’ हा शब्द आपल्याकडे उच्चारला की मुंबईचे पब डोळ्यांपुढे येतात आणि ‘हे आपले नव्हे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. जानेवारी २०२० मध्ये मुंबईतील काही दुकाने आणि उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हाही आपल्या भागात तिची चर्चा संस्कृतीवरचे संकट म्हणूनच झाली. आपल्या या दोन जिल्ह्यांना मात्र स्वतःच्या रात्रींचा मोठा इतिहास आहे. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. मराठी रंगभूमीचा प्रारंभ म्हणून आपण जो प्रयोग शिकवतो तो दिव्यांच्या उजेडातला. पुढच्या काळात संगीत नाटकांना पहाट होणे ही तक्रार नव्हती, नाटक रंगल्याची खूण होती. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृत्यर्थ गाणे रात्ररात्र चालत आले. औंधला अंतुबुवा जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या उत्सवाची परंपराही तशीच. सत्यशोधक जलसे रात्रीचे होते. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात गावकऱ्यांची डोकी झाडत. प्रतिसरकारचे भूमिगत कार्यकर्ते रात्रीच गावात येत. दिवस शेताचा, सावकाराचा आणि सरकारचा होता. माणसे एकमेकांची होत ती रात्री.

या रात्रींत सर्वांत मोठी रात्र तमाशाची. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (जन्म १८६६) हे कुलकर्णीपण सोडून पठ्ठे बापूराव झाले आणि पवळाबरोबर फडात उभे राहिले. त्याच तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाच्या सांगाड्यात कामगारांचे राजकारण भरले. कवलापूरच्या काळू-बाळूंनी ‘जहरी प्याला’त हवालदार रंगवले आणि गावोगावच्या लोकांना वर्दीला हसायला शिकवले. (आज त्याच वर्दीतला माणूस दहा वाजता कनातीच्या दाराशी येऊन घड्याळ दाखवतो. या विनोदाला मात्र कुणी हसत नाही.)

ती रात्र सोन्याची होती, असा माझा दावा नाही. कनातीत समोर बसणारा प्रेक्षक बहुतांशी पुरुष असे आणि नाचणाऱ्या बाईच्या वाट्याला टाळ्यांइतकीच हेटाळणी येई. विठाबाई नारायणगावकरांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे : भर कार्यक्रमात कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. आपण ही कथा वर्गात ‘कलेवरील निष्ठा’ म्हणून सांगतो. खरे तर ती बाळंतपणाची रजा नसलेल्या कामगार स्त्रीची कथा आहे. राष्ट्रपती पुरस्काराने गौरवलेल्या विठाबाई २००२ मध्ये हलाखीत वारल्या आणि २००६ पासून त्यांच्या नावाचा राज्य पुरस्कार सुरू झाला.

या दोन सालांच्या मधले साल २००५. डान्स बारबंदीचे.

बंदी आणणारे गृहमंत्री आर. आर. पाटील हे तासगाव तालुक्यातील अंजनीचे, आपल्याच मातीतले. आबांच्या प्रामाणिकपणाविषयी त्यांच्या विरोधकांनीही फारशी शंका घेतली नाही, मीही घेत नाही. ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी सुरू केलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने खेडी खरोखर बदलली. पण गावाची घाण काढणे आणि गावाच्या नजरेला घाण वाटणारी माणसे काढणे यांत जे अंतर आहे ते २००५ मध्ये पुसले गेले. विधेयक विधिमंडळात एकमताने संमत झाले. एकमताने! पाण्यावर, उसाच्या दरावर ज्या सभागृहाचे सहसा एकमत होत नाही, त्याचे बारमध्ये नाचणाऱ्या बाईवर झाले. १५ ऑगस्टपासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, तिचे काम गुन्हा ठरले.

त्या कायद्यात दोन कलमे होती, ३३अ आणि ३३ब. पहिल्याने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बारमधला नाच बंद केला. दुसऱ्याने तीन तारांकित व त्यावरील हॉटेले, सभासदांपुरते मर्यादित क्लब, जिमखाने आणि नाट्यगृहे यांना त्यातून वगळले. नाच तोच, संगीत तेच, मद्यही तेच. फरक छपराच्या दर्जाचा. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. बंदीमुळे पंचाहत्तर हजारांहून अधिक स्त्रिया बेरोजगार झाल्या आणि त्यांतील अनेकींना नाइलाजाने वेश्याव्यवसायाकडे वळावे लागले, याची नोंद त्या निकालपत्रात आहे. स्त्रीची प्रतिष्ठा राखण्यासाठी केलेल्या कायद्याचे हे फलित. यावर २०१४ मध्ये विधिमंडळाने काय केले? पंचतारांकितांची सूट काढून टाकली आणि बंदी पुन्हा आणली. २०१५ मध्ये तिलाही स्थगिती मिळाली, २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातल्या अनेक अटी न्यायालयाने काढल्या, तर काही ठेवल्या. ठेवलेल्यांत वेळेची अट आहे : संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा. बक्षिसी हातात देता येईल, नोटा उधळता येणार नाहीत.

नोटा उधळण्याला आपल्या अभ्यासक्रमात ‘दौलतजादा’ म्हणतात. त्यावर टीप लिहायला सांगतात आणि तिला गुण देतात. फेटेवाल्याने ढोलकीच्या तालावर उधळले तर लोकपरंपरा, शर्टवाल्याने उधळले तर विकृती, असा हा भेद कोणत्या शास्त्रात बसतो ते आपल्या लोकसाहित्याच्या प्राध्यापकांनी एकदा सांगावे. संगीतबारी आणि डान्स बार एकच आहेत असे मी म्हणत नाही. संगीतबारीत बाईला स्वतःचा गळा आहे, अदा आहे, बैठकीचे शास्त्र आहे. भूषण कोरगावकरांचे ‘संगीत बारी’ ज्यांनी वाचले असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. पण नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या जातींच्या पिढ्यांपुढे जुने रस्ते बंद झाले, तेव्हा त्यांतल्या काही स्त्रिया शहराच्या बारमध्ये गेल्या, ही साखळी आपण पाहायची नाही असे ठरवले आहे. आजीवर प्रबंध आणि नातीवर छापा, अशी ही विभागणी आहे.

आता कनातीकडे येऊ, कारण आपला थेट संबंध तिथे आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई केली. २०१० च्या दुरुस्तीने त्यात वाद्येही आली, म्हणजे ध्वनिवर्धक नसला तरी ढोलकी चालणार नाही. रुग्ण, म्हातारी माणसे आणि परीक्षेची पोरे यांचा विचार करता नियमामागचा हेतू कुणी नाकारू नये. डीजेच्या भिंतींनी ज्यांची छाती धडधडली आहे ते तर नाकारणार नाहीतच. पण हाच नियम बंदिस्त जागांना, म्हणजे प्रेक्षागृहे, सभागृहे, मेजवानीचे हॉल यांना, मोकळीक देतो. पुन्हा छप्पर! शिवाय वर्षातले पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्याला देता येते. त्या दिवसांत गणपती-नवरात्राची आणि ३१ डिसेंबरची वर्णी लागते. चैत्र-वैशाखात गावोगाव वेगवेगळ्या तिथींना होणाऱ्या यात्रा त्या यादीत कशा बसणार?

या दहाच्या ठोक्याने तमाशाचे नेमके काय तोडले, हे साहित्याच्या माणसाला तरी कळायला हवे. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, हा क्रम. सगळे गाव जेवून, गुरांचे करून कनातीत येईपर्यंत नऊ वाजतात. वग उभा राही तो मध्यरात्रीच्या सुमारास आणि उतरे तो तांबडे फुटताना. तमाशातले जे नाटक आहे, ज्यात कथा आहे, संवाद आहेत, सोंगाड्याची हजरजबाबी आहे, राजाला आणि सावकाराला विचारलेले प्रश्न आहेत, ते सगळे वगात. दहाला बंद म्हटल्यावर फडमालक काय ठेवील? सुपारी देणारी यात्रा कमिटी काय मागेल? दीड तासात बसतात त्या लावण्या आणि चित्रपटातली गाणी. वग लिहिणाऱ्याचे काम गेले, सोंगाड्याचे अर्धे गेले, नाचणारीचे दुप्पट झाले. मग आपण चर्चासत्रात उभे राहून म्हणतो की तमाशात आता नुसता नाच उरला, आशय राहिला नाही. ज्याचे धड कापले त्यालाच बुटका म्हणायचे, असा हा न्याय.

पुण्यात ‘सवाई गंधर्व’ची रात्र आक्रसली तेव्हा पहाटेचे राग ऐकायला मिळणार नाहीत म्हणून किती हळहळ झाली! ती रास्तच होती. मध्यरात्रीनंतरचा राग संध्याकाळी सातला गाऊ नये हे आपल्याला समजते. मध्यरात्रीनंतरचा वग संध्याकाळी सातला उभा राहत नाही, हे मात्र समजत नाही. २०२० आणि २०२१ हे दोन यात्रा-हंगाम करोनाने गिळले तेव्हाही फडांच्या उपासमारीच्या बातम्या आपण वाचल्या आणि पान उलटले.

मग आज आपल्या शहरांत रात्र राहिलीच नाही का? राहिली आहे, फक्त हातबदल झाला आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरचे ढाबे पाहा, परमिट रूम पाहा. चौकात मोटारीच्या बॉनेटवर केक ठेवून तलवारीने कापणारे वाढदिवस पाहा. ही रात्र पूर्णपणे पुरुषांची आहे आणि तिच्यात कला म्हणण्यासारखे काही नाही. नाटक, कीर्तन, भजन, गाणे यांच्या रात्रींत बायका निदान एका बाजूला बसत होत्या. ज्यांनी संस्कृतीच्या नावाने नाचणाऱ्या बाईला रात्रीतून हाकलले, त्यांच्या हाती तलवारीचा केक आला. या केकविरुद्ध विधिमंडळात एकमत झाल्याचे ऐकिवात नाही.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे : फडात आणि बारमध्ये बाईचे शोषण होते, मग तुम्ही शोषणाचे समर्थन करता का? शोषण होते. सावकाराची उचल, मालकाचा वाटा, पोलिसांचा हप्ता, सगळे आहे. ऊसतोडणीतही उचल आहे आणि बाईचे शोषण आहे. म्हणून आपल्या जिल्ह्यांत कुणी ऊस बंद करा म्हणत नाही. तिथे मजुरीचा दर, मुकादमाची जबाबदारी, मुलांची शाळा यांवर बोलतात, निदान बोलल्यासारखे करतात. नाचाच्या बाबतीत कामगाराचा प्रश्न आला की आपण झटकन नीतीवर का घसरतो? कारण नीतीला पैसे लागत नाहीत. सत्यशोधक, रयत आणि सहकार या तिन्हींच्या कष्टांतून वर आलेल्या आपल्या मध्यमवर्गाला आपण ज्या कनातीतून उठून आलो ती झाकायची आहे. स्वच्छ दिसण्याची ही घाई समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत दुसऱ्याने मोजली.

तेव्हा मराठी विभागांनी दोन गोष्टी कराव्यात, दोन्ही सध्याच्या नियमांत बसणाऱ्या. सवलतीच्या दिवसांपैकी एक दिवस मोठ्या यात्रांसाठी राखावा, असे पत्र विभागाच्या शिक्क्यानिशी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे. फडमालकाच्या अर्जापेक्षा आपल्या शिक्क्याला जास्त मान आहे, याचा एवढा तरी उपयोग व्हावा. दुसरे, चर्चासत्राचे अनुदान मिळेल तेव्हा मंडप-जेवणाऐवजी एक रात्र सांगलीतले भावे नाट्यमंदिर घ्यावे. ते नियमाच्या भाषेत बंदिस्त प्रेक्षागृह आहे. तिथे गणापासून सुरुवात करून पूर्ण वग उभा करायला एखाद्या फडाला त्याची पूर्ण सुपारी देऊन बोलवावे. प्रबंधिका वाचायच्या असतील त्या संध्याकाळी वाचून घ्याव्यात आणि प्रमाणपत्रे पहाटे, वग उतरल्यावर, जे जागे असतील त्यांनाच द्यावीत.