जाळ्याची नोंदवही

आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले-मुली हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करून कचेऱ्यांत कामाला लागली आहेत. केबल ओढली, संगणक एकमेकांना जोडले, की काम संपले असे त्यांना वाटते. आमच्या मते खरे काम त्यानंतरचे आहे.

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलवर कंटेनरची ने-आण अडली. टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाचे. रोग मात्र युक्रेनमधला. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू शिरला आणि कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती मार्च महिन्यातच दिली होती. पण एका संगणकातून मोठ्या अधिकाराचा पासवर्ड हाती लागला, की दुरुस्ती केलेल्या संगणकातही तो घुसत असे. कंपनीला ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. परवानग्यांची यादी सांभाळणारे सर्व्हर ठिकठिकाणी बाद झाले. घानातला तेवढा वाचला, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती! एवढी मोठी कंपनी, आणि तारले कोणी, तर गेलेल्या विजेने.

चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाला भिंत असते, दार असते. कचेरीचे जाळेही तसेच आखावे. हिशेबाचे संगणक एका भागात, कॅमेरे दुसऱ्या, पाहुण्यांचे वाय-फाय तिसऱ्या. मधल्या फायरवॉलवर आधी सगळे बंद ठेवावे, मग गरजेपुरतेच उघडावे. रोजच्या टायपिंगला मुख्य अधिकाराचा पासवर्ड कोणी वापरू नये. बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवावी आणि अधूनमधून ती परत चढवून पाहावी. न तपासलेला बॅकअप नसल्यातच जमा.

आता नोंदवही. कोणती केबल स्विचच्या कोणत्या खाचेत, कोणत्या यंत्राचा पत्ता काय, फायरवॉलमधली वाट कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी आणि कधी उघडली, हे सारे लिहावे. सोबत जाळ्याचा नकाशा काढावा. एक प्रत कागदावर, कुलपात. संगणकच बंद पडले तर संगणकातला नकाशा काय कामाचा? पासवर्ड मात्र या वहीत लिहू नयेत. ते वेगळ्या सीलबंद पाकिटात, जबाबदार माणसाकडे द्यावेत.

काही जुने जाणकार सगळे डोक्यात ठेवतात, दुसऱ्याला कळू देत नाहीत. ज्ञान अडवून ठेवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. आणि एक दिवस जाळे कोसळले, की सगळ्यांची बोटे वळतात ती कंत्राटावरच्या पोराकडे. साहेबांनी तोंडी सांगितले होते, हे त्याने कशाच्या आधारावर म्हणायचे? म्हणून आमचे या मुला-मुलींना सांगणे आहे: बदल केला त्याच दिवशी वहीत लिहा, खाली तारीख घाला आणि ज्यांनी सांगितले त्यांची सही घ्या. सही द्यायला कोणी कां-कूं केली, तर तेही लिहून ठेवा.