हसतमुख आर्चबिशप

दीनदार माणूस म्हटला की त्याचा चेहरा गंभीरच असला पाहिजे, असे आपल्याकडे उगाचच ठरून गेले आहे. मशिदीत एखादे लहान मूल खुदकन हसले तरी मागच्या सफेतून डोळे वटारले जातात. ज्यांच्या सुन्नतचे आपण नाव घेतो ते हजरत मुहम्मद (स.) मात्र थट्टामस्करी करीत. सवारीसाठी उंट मागायला आलेल्या एकाला त्यांनी सांगितले, तुला उंटिणीचे पिल्लू देतो. तो बिचारा गोंधळला, पिल्लावर बसायचे कसे? तेव्हा, उंट केवढाही असो, तो कोणत्या तरी उंटिणीचे पिल्लूच असतो, असा खुलासा झाला. थट्टा होती, पण तिच्यात खोटे काही नव्हते.

हे आठवले ते दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्यामुळे. २६ डिसेंबर २०२१ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, केपटाऊनमध्ये त्यांचे निधन झाले. या सदरात ख्रिस्ती धर्मगुरू कसे काय, असे कोणी विचारील. एका शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाबद्दल लिहावेसे वाटले, एवढे उत्तर पुरे व्हावे.

होय, टुटू मुळात शाळामास्तर. वडील मुख्याध्यापक, आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी. डॉक्टर व्हायची इच्छा होती, पण फीचे पैसे नव्हते, म्हणून शिक्षक झाले. पुढे १९५३ चा बांटू शिक्षण कायदा आला. काळ्या मुलांना गोऱ्यांच्या हाताखाली राबण्यापुरतेच शिकवायचे, असा त्याचा सरळ हेतू होता. अशा शिक्षणात भागीदार व्हायचे नाही म्हणून टुटूंनी नोकरी सोडली आणि मग ते चर्चकडे वळले. पगाराची नोकरी सोडणे म्हणजे काय, हे आमच्या बीएडधारक मंडळींना वेगळे सांगायला नको.

लहानपणी पोलिओने त्यांचा उजवा हात कमजोर झाला. पुढे क्षयाने दीड वर्षाहून अधिक काळ इस्पितळात काढावे लागले. ट्रेव्हर हडलस्टन नावाचा इंग्रज पाद्री त्यांना तिथे भेटायला येई. याच गोऱ्या माणसाने एकदा रस्त्यात आपल्या आईला पाहून टोपी उचलून सलाम केला, ही आठवण टुटू आयुष्यभर सांगत राहिले. मोलकरणीला सलाम! त्या देशात त्या काळी हे एखाद्या चमत्काराहून कमी नव्हते.

त्यांचे हसणे प्रसिद्ध होते. उंचीने बुटके, नाक मोठे, आणि त्या नाकाचा विनोद ते स्वतःच करीत. समजा, असे ते म्हणत, कातडीच्या रंगाऐवजी नाकाच्या आकारावर देश चालवला तर? मोठ्या नाकवाल्यांसाठीच विद्यापीठ, छोट्या नाकवाल्यांना प्रवेश हवा तर मंत्र्याकडे अर्ज. आम्ही हे आठवीच्या वर्गात सांगितले तेव्हा पोरे एकमेकांची नाके पाहून लोळायची बाकी राहिली. हशा थांबल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, मग आडनावाचं पण तसंच ना?’ वर्णभेदावरचा अख्खा धडा शिकवून जे झाले नसते ते एका नाकाने झाले.

पण हा नुसता हसवणारा माणूस नव्हता. जुलै १९८५ मध्ये दुदुझा वस्तीत एका दफनविधीच्या वेळी संतप्त जमाव एका माणसाला पोलिसांचा खबऱ्या समजून जिवंत जाळायला निघाला होता. टुटू आपल्या लोकांच्याच गर्दीत घुसले आणि त्याला सोडवले. थोड्याच दिवसांनी दुसऱ्या एका दफनाला त्यांनी बजावले की, माणसे जाळणे चालू राहिले तर मी बायकापोरांसह हा देश सोडून जाईन. जालिमाविरुद्ध बोलणे कठीण असते खरे, पण आपल्याच जमावासमोर उभे राहणे आम्हाला त्याहून कठीण वाटते.

१३ सप्टेंबर १९८९ च्या केपटाऊनच्या मोर्चात सुमारे तीस हजार लोक चालले. त्यात पाद्री होते तसे तिथले मुस्लिम नेतेही होते. मुसलमानांनी वर्णभेदाविरुद्ध किंमत मोजली होतीच. इमाम अब्दुल्ला हारून यांचा १९६९ साली पोलीस कोठडीत मृत्यू झाला होता. पुढे फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले, तेव्हा त्यांनी सुटकेची पहिली रात्र टुटूंच्याच घरी काढली.

नंतर सत्य आणि समेट आयोग आला, टुटू त्याचे अध्यक्ष झाले. १९९६ च्या सुरुवातीच्याच सुनावणीत, व्हीलचेअरवर बसलेल्या एका वृद्ध कार्यकर्त्याची छळाची हकीकत ऐकताना टुटू टेबलावर डोके टेकवून रडले. राजकीय हेतूने गुन्हा केलेल्याने सारे खरे सांगितले तर त्याला माफी, असा तिथला नियम. सात हजारांहून अधिक अर्ज आले, माफी मात्र थोड्यांनाच मिळाली. तरीही स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने या कायद्यालाच कोर्टात आव्हान दिले. आमचे मन इथे बिकोंच्या घरच्यांकडे झुकते. आपल्या शरीअतमध्ये खुनाची माफी द्यायचा हक्क वारसांचा आहे. त्यांनी माफ केले तर मोठा सवाब, पण तो हक्क त्यांच्या हातून कोणी काढून घेऊ शकत नाही. टुटूंचा इरादा नेक होता, देश यादवी युद्धापासून वाचवायचा होता, हेही तितकेच खरे. सरकारने पीडितांना भरपाई देताना चालवलेल्या टाळाटाळीवर तेच पुढे कडाडून बोलले.

स्वराज्य आल्यावर त्यांची जीभ म्यान झाली नाही. आपल्याच मित्रांच्या सरकारला ते झोडपत. पॅलेस्टिनींच्या हालांची तुलना ते उघडपणे वर्णभेदाशी करीत. २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या वतीने ते गाझात बैत हानूनला जाऊन आले, तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त झालेल्या घरांतील माणसांना भेटले. अशा बोलण्याची किंमत पश्चिमेत काय असते, ते वाचकांना ठाऊक आहे.

मंडेला राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्या रंगीबेरंगी शर्टांवर टुटूंनी टीका केली. मंडेलांनी उलट टोला दिला की, जो माणूस स्वतः बायकांसारखा झगा घालून चारचौघांत फिरतो त्याने हे बोलावे! ही गोष्ट टुटूच पुढे हसून हसून सांगत.

आपल्या जनाज्यावर खर्च करायचा नाही, मिळेल ती सर्वांत स्वस्त शवपेटी आणायची, असे ते सांगून गेले होते. त्याप्रमाणे पाइनच्या साध्या लाकडाची पेटी आली, तिला मुठींच्या जागी दोर, वर घरच्यांनी ठेवलेला फुलांचा एक छोटा गुच्छ. नोबेल मिळवलेल्या या माणसाच्या त्या पेटीसमोरून दोन दिवस केपटाऊनची माणसे रांगेने जात राहिली.